अस्थिकलशावर नाव कोरून घेण्याआधी हे वाचा

वडिलांच्या अस्थिकलशाच्या खरेदीत माझे ११,४४९ रुपये गेले. कलशाचे ६,८५०, त्यावर नाव आणि तारखा कोरण्याचे १,२००, पाठवणीच्या विम्याचे ८९९ आणि शेवटी कलश बदलून देण्यासाठी ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून उकळलेले २,५००. रक्कम फार मोठी नाही, असे मला अनेकांनी ऐकवले. परंतु ही खरेदी घरात सुतक असताना होते, तेव्हा कोणी घासाघीस करत नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते, याचा संताप रकमेवर मोजता येत नाही.

मोबाइलवरची जाहिरात, क्यूआर कोड आणि मृदू आवाजात बोलणारा माणूस हा प्रकार वाचकांच्या परिचयाचा आहे. तो पुन्हा सांगत नाही. भाऊ परदेशातून येईपर्यंत विसर्जन लांबणार होते आणि गॅसदाहिनीतून मिळालेली सगळी रक्षा व अस्थी तोवर मडक्यात फडके बांधून ठेवणे बरे वाटेना. म्हणून घट्ट झाकणाचा तांब्याचा कलश हवा होता.

संशय यायला हवा होता तो क्षण मला आजही छळतो. कलशात किती मावेल, असे मी स्पष्ट विचारले होते. त्यावर विक्रेता म्हणाला, “ताई, दहा इंच उंच आहे, सगळ्यांना पुरतो,” आणि लगेच वडिलांचे पूर्ण नाव, जन्मतारीख व मृत्यूची तारीख विचारू लागला. मी लिटरमध्ये विचारले आणि त्याने इंचात उत्तर दिले. उंचीत झाकण, मान आणि बैठक हे सगळे धरले जाते. रक्षा मावते ती फक्त पोटात. प्रौढ माणसाची संपूर्ण रक्षा साधारण अडीच ते साडेतीन लिटर जागा घेते. पण वडिलांचे नाव सांगताना ज्याचा कंठ दाटून आला आहे, त्याने त्याच वेळी घनफळाचा हिशेब करायला हवा होता, असे मला कोणी सांगू नये.

आलेल्या कलशात पाणी भरून मोजले, तेव्हा ते जेमतेम १ लिटर १०० मिलिलिटर भरले. तळाला लोहचुंबक लावताच तो चिकटला. तांब्याला आणि पितळेला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे लोखंडी पत्र्यावर तांब्याचा मुलामा दिलेला होता. मात्र चुंबक चिकटला नाही म्हणून वस्तू खरी ठरत नाही, कारण ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही. तेव्हा वजनही लेखी मागून घ्यावे. वडिलांच्या नावातली वेलांटीही चुकलेली होती.

खरा सापळा त्या कोरीव नावातच होता. तक्रार करताच उत्तर आले की नाव कोरलेली वस्तू परत घेतली जात नाही. नाव कोरण्याचा आग्रह इतका का होता, ते तेव्हा उमगले. कोरायचेच असेल तर कोरा कलश आधी हातात घ्यावा, मापावा आणि मग आपल्या ओळखीच्या कारागिराकडून कोरून घ्यावा. पुढे अनामत भरल्यास मोठा कलश पाठवू, असे त्याने सांगितले. दारात येऊन ठेपलेले विसर्जन आणि अपुरा कलश यांच्यात अडकल्यामुळेच मी ते २,५०० भरले. त्यानंतर फोन बंद झाला.

पोलीस ठाण्यात मला विचारण्यात आले की कलश तर मिळाला ना, मग फसवणूक कसली? नंतर सांगितले की विक्रेता ज्या शहरात आहे तिथे जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा आहे, आणि हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची माहितीही नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. हे मी म्हटल्यावर समोरच्याने वही मिटली आणि साहेब आल्यावर या, असे सांगितले. साहेबांनी बँकेत पाठवले. बँकेने, पिन तुम्हीच टाकला होता, असे म्हणून पुन्हा पोलिसांकडे पाठवले. वडिलांच्या मृत्यूचा दाखला मात्र प्रत्येकाने मागितला, जणू फसवणूक त्यांच्या जाण्याची झाली होती. एकाही टेबलावर मला शिक्का मारलेली पोच मिळाली नाही.

पैसे गेल्याचे कळताच आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा, ठाण्याच्या फेऱ्या नंतर. पावतीवर ‘शुद्ध तांबे’, क्षमता आणि वजन लिहून मिळत नसेल तर खरेदी करू नका. अनामत कोणत्याही कारणाने भरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते आणि वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. हे मला एकाही कार्यालयात कोणी सांगितले नाही. शोधून काढावे लागले.

आयोगातली माझी तक्रार दाखल झाली आहे. ती जाहिरात मात्र वेगळ्या नावाने अजून सुरू आहे: छायाचित्र तेच, उंची दहा इंच, क्षमतेचा उल्लेख नाही आणि नाव कोरण्यावर ‘आजच्या दिवसापुरती सवलत’.