हीथ्रो ते गॅटविक कोच: सामानासकट विमानतळ बदलणाऱ्यांसाठी

मुंबईहून लंडनला येणारी थेट विमानं हीथ्रोला उतरतात. पुढचं स्वस्त तिकीट मात्र पुष्कळदा गॅटविकहून असतं. ईझीजेटची युरोपातली कितीतरी उड्डाणं तिथूनच सुटतात आणि ब्रिटिश एअरवेजची कॅरिबियन बेटांकडे जाणारी बरीच विमानंही. दोन्ही तिकिटांवर ‘लंडन’ छापलेलं असतं, त्यामुळे अंतराचा अंदाजच येत नाही. हीथ्रो शहराच्या पश्चिमेला आहे, तर गॅटविक दक्षिणेला, पार वेस्ट ससेक्समध्ये क्रॉलीजवळ. मध्ये सुमारे ६५ किलोमीटरचा रस्ता आहे. दोन मोठ्या बॅगा, सोबत वयस्कर आईवडील किंवा लहान मूल असेल तर या अंतरासाठी नॅशनल एक्सप्रेस या ब्रिटिश कंपनीची कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, हाच सर्वांत कमी दगदगीचा पर्याय आहे. बॅग एकदा डिकीत गेली की गॅटविकच्या दारातच बाहेर येते. मध्ये जिने चढायचे नाहीत, फलाट बदलायचे नाहीत.

पण ही सेवा चांगली वाटेल की डोकेदुखी, हे बसवर कमी आणि बसमध्ये चढण्याआधीच्या दोन तासांवर जास्त अवलंबून आहे. म्हणून आधी त्याबद्दल.

बस पकडायची म्हणजे इमिग्रेशन पार करून ब्रिटनमध्ये प्रवेश करायचा. भारतीय पासपोर्टवाल्यांनी तिकीट काढण्याआधी हे नीट समजून घ्यावं. ट्रान्झिट व्हिसा दोन प्रकारचे आहेत. ‘डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट’ व्हिसावर विमानतळाच्या आतल्या आतच विमान बदलता येतं, सीमा ओलांडता येत नाही. तो घेऊन हीथ्रोहून गॅटविकला जाताच येत नाही. त्यासाठी ‘व्हिजिटर इन ट्रान्झिट’ व्हिसा लागतो, नाहीतर नेहमीचा व्हिजिटर व्हिसा. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असेल आणि त्याच देशात जात असाल किंवा तिथून परतत असाल, तर काही अटींवर ट्रान्झिट व्हिसाशिवाय प्रवेश मिळू शकतो. पुढचं पक्कं तिकीट हातात हवं आणि दुसऱ्या दिवशी रात्री ११:५९ च्या आत देश सोडायला हवा. तरीही शेवटचा निर्णय सीमेवरच्या अधिकाऱ्याचा असतो. पर्यटनासाठी मिळणारा अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा या सवलतीत बसत नाही. गॅटविकहून पॅरिस-रोमला जाणाऱ्यांचा घोटाळा बहुतेक इथेच होतो. विमान कंपनी मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच अडवते आणि कोचचं तिकीट खिशातच राहतं.

दुसरी गोष्ट बॅगांची. विमानतळ बदलत असेल तर बॅगा आपोआप पुढे जात नाहीत. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असली तरी हीथ्रोच्या पट्ट्यावरून त्या उचलायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि गॅटविकला पुन्हा जमा करायच्या. म्हणजे बॅगेतलं सामान कायद्याच्या दृष्टीनं ब्रिटनमध्ये आलं. भारतातून दूध किंवा मांसापासून बनलेले पदार्थ तिथे नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या लेकीसाठी घेतलेले पेढे, बर्फी, साजूक तुपाची बरणी हे सगळं त्यात येतं. त्याच टर्मिनलवर आतल्या आत विमान बदललं असतं तर हा प्रश्न आलाच नसता. चिवडा-चकली खुशाल न्या, खव्याचं काही बॅगेत भरू नका. ताजा कढीपत्ताही नको.

आता वेळेचा हिशेब. विमान धावपट्टीवर टेकल्यापासून दार उघडून बाहेर पडेपर्यंत २० ते ३० मिनिटं जातात. इमिग्रेशनला अर्धा तासही लागतो आणि दीड तासही. भारतीय पासपोर्टला ई-गेट चालत नाही, माणसाच्या काउंटरची रांगच धरावी लागते आणि सकाळी आशिया-अमेरिकेहून विमानं एकापाठोपाठ उतरतात तेव्हा ती लांबते. बॅगेला आणखी २० ते ४० मिनिटं, बस थांब्यापर्यंत १० ते १५. बरा दिवस असेल तर हे सगळं दीड तासात आटोपतं, पण बस निवडताना उतरल्यापासून दोन तास धरावेत. मग बसची वाट बघण्याचा अर्धा तास आणि प्रवासाचा दीड तास. लांब पल्ल्याच्या विमानांचं चेक-इन बहुतेक ठिकाणी एक तास आधी बंद होतं. बेरीज पाच तासांवर जाते. दोन विमानांमध्ये याहून कमी अंतर असलेलं तिकीट कितीही स्वस्त दिसलं तरी घेऊ नये. तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर सहा तास ठेवा. पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी येत नाही, तिकिटाचे सगळे पैसे जातात.

थांब्याबद्दल बारकाईनं सांगायला हवं, कारण ‘हीथ्रो’ नावाचा एकच थांबा नाही. टर्मिनल २ आणि ३ यांच्या मध्ये सेंट्रल बस स्टेशन आहे. तिथे तिकीट खिडकी, बसायला जागा आणि फलकांवर गाड्यांच्या वेळा असं सगळं आहे. टर्मिनल ५ चा थांबा वेगळा, त्याच टर्मिनलच्या बाहेर. टर्मिनल १ तर २०१५ सालीच बंद झालं. जुन्या माहितीत ते अजून दिसतं, तिकडे लक्ष देऊ नका. तिकीट काढताना उतरणार त्या टर्मिनलचाच थांबा निवडावा. ब्रिटिश एअरवेजची विमानं टर्मिनल ५ आणि ३ अशा दोन्हीकडे ये-जा करतात, त्यामुळे नुसत्या कंपनीच्या नावावर विसंबू नका, ई-तिकिटावरचा टर्मिनल क्रमांक वाचा. चुकीच्या टर्मिनलवर पोचलात तर टर्मिनलांमधली रेल्वे फुकट आहे. पण ट्रॉली सोडून बॅगा ओढत खाली जायचं, गाडीची वाट बघायची आणि पुन्हा वर यायचं, यात अर्धा तास सहज जातो.

टर्मिनल ५ वाल्यांचा एक फायदा आहे. ते एम२५ महामार्गाच्या जंक्शन १४ ला अगदी लागून आहे. सेंट्रलहून निघालेल्या बऱ्याच गाड्या पुढे टर्मिनल ५ ला थांबून मगच महामार्गाला लागतात. म्हणून टर्मिनल ५ हून बसलात तर प्रवास तेवढा कमी होतो.

आता खरी निवड. वेळापत्रकात हीथ्रो ते गॅटविकच्या सगळ्या गाड्या एकसारख्या दिसतात, पण त्या एकसारख्या नाहीत. काही गाड्या हीथ्रोहूनच सुटतात, तर काही वेल्स, ब्रिस्टल किंवा बर्मिंगहॅमकडून तीन-चार तास धावून हीथ्रोला येतात आणि पुढे गॅटविकला जातात. लांबून येणारी गाडी आधीच्या महामार्गावर अडकली तर हीथ्रोलाच उशिरा येते. हा उशीर नंतर भरून निघत नाही, कारण ब्रिटनमध्ये कोचला वेगमर्यादक बसवलेला असतो आणि गाडी ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. त्यामुळे जवळपास एकाच वेळेच्या दोन गाड्या असतील तर हीथ्रोहून सुटणारी घ्यावी. तिकीट काढताना त्या गाडीचे सगळे थांबे उघडून बघता येतात, पहिला थांबा कोणता ते तिथे कळतं. थांब्यावर गाडी ओळखताना क्रमांक बघा. शेवटचं ठिकाण ब्रायटन लिहिलेलं असलं तरी गाडी वाटेत गॅटविकला थांबणारी असू शकते. ‘गॅटविक’ची पाटी शोधत बसणाऱ्यांच्या समोरून त्यांचीच गाडी निघून जाते.

रस्ता असा: हीथ्रोहून एम२५ वर दक्षिणेकडे, जंक्शन ७ ला एम२३, मग जंक्शन ९ ला गॅटविक. एम२५ म्हणजे लंडनभोवतीचा १८८ किलोमीटरचा वळसा. १९८६ साली तो पूर्ण झाला आणि हीथ्रोजवळचा पश्चिमेकडचा भाग देशातल्या सर्वांत वर्दळीच्या रस्त्यांत मोडतो. गर्दीनुसार बदलणारी वेगमर्यादा इथे १९९५ पासून आहे. वरच्या फलकावर ४० किंवा ५० मैल दिसले तर पुढे कोंडी झालेली आहे असं समजावं. रस्ता मोकळा असेल तर तास-सव्वा तासात गाडी पोचते. कामाच्या दिवशी सकाळी ७ ते १० आणि दुपारी ३ ते ७ या वेळात दीड-दोन तास धरा. शुक्रवारची दुपार, बँक हॉलिडेचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सुट्टीचा, आदला दिवस आणि जुलैअखेर शाळांना सुट्टी लागते ते दिवस सर्वांत वाईट. रात्री रस्ता रिकामा असतो, पण दुरुस्तीसाठी महामार्गाचे तुकडे रात्रीच बंद करतात आणि मग गाडी आडवाटेनं जाते. रात्रीच्या गाड्यांमधलं अंतरही जास्त असतं, एक चुकली तर पुढची लगेच येत नाही.

गाडीच्या आत फारसं सांगण्यासारखं नाही, आणि तेच बरं. सीट ठीकठाक, एसी, चार्जिंगची सोय, शौचालय. सीट-बेल्ट लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. वाय-फाय असतं, पण महत्त्वाचं काम त्याच्या भरवशावर ठेवू नका. तिकीट मोबाइलवर दाखवलं तरी चालतं. भारतीय सिम लंडनला चालू होईलच असं नाही, तेव्हा तिकीट आधीच उतरवून घ्या किंवा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सामानाच्या अटीकडे मात्र दुर्लक्ष नको. विमानात पुष्कळदा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. कोचच्या अटींमध्ये माणशी २० किलोपर्यंतच्या दोन मध्यम बॅगा आणि हातातली एक लहान पिशवी असं आहे. म्हणजे विमानाचा काटा गाठून भरलेली बॅग इथे अटीबाहेर जाते. तीन किलो हातातल्या बॅगेत हलवा किंवा जादा सामान आधी नोंदवा. बॅगेवर नाव आणि गॅटविकचं टर्मिनल लिहिलेली चिठ्ठी ठळक दिसेल अशी बांधा. वाटेतल्या थांब्यावर उतरणारा घाईत सारखी दिसणारी काळी बॅग उचलू शकतो. आपला थांबा आला की आधी डिकीपाशी उभं राहायचं, मग बाकीचं सगळं. पासपोर्ट, औषधं आणि दागिने डिकीत टाकू नयेत.

भाडं ठरलेलं नसतं, तारीख आणि मागणीनुसार बदलतं. आगाऊ काढलं तर स्वस्त पडतं. पण विमानातून उतरून बस पकडणाऱ्यानं सर्वांत स्वस्त, न बदलणारं तिकीट घेऊ नये. थोडे पौंड जास्त देऊन वेळ बदलता येणारं तिकीट घ्यावं. इमिग्रेशनच्या रांगेत अडकलात तर तीच रक्कम वसूल होते. ऐनवेळी तिकीट मिळतं, पण जागा असेल तरच, आणि सुट्टीच्या दिवसांत गाड्या भरून जातात.

कोच कधी टाळावी? एकटे असाल, पाठीवर एक बॅग असेल आणि वेळ कामाच्या दिवसाच्या गर्दीची असेल, तर रेल्वेनं जा. एलिझाबेथ लाइननं हीथ्रोहून फॅरिंग्डन, तिथे थेम्सलिंकची गाडी बदलून थेट गॅटविक. गाडी एकदाच बदलायची, लिफ्ट आहेत, आणि एम२५ वर काय चाललंय याच्याशी देणंघेणं नाही. टॅक्सी दारापासून दारापर्यंत नेते, पण धावते त्याच रस्त्यावर आणि त्याच कोंडीत. चार माणसं आणि सहा-सात बॅगा असतील तर तिचा हिशेब जुळतो, एकट्या-दुकट्याला ती फार महाग पडते.

गॅटविकला नॉर्थ आणि साउथ अशी दोन टर्मिनलं आहेत. चुकीच्या ठिकाणी उतरलात तरी काळजी नको. दोन्हींमध्ये फुकट शटल रेल्वे आहे आणि दोन-तीन मिनिटांत पोचवते. बॅगांसकट जाणं-येणं धरलं तरी १५ मिनिटं पुरतात.

उलट दिशेनं, गॅटविकहून हीथ्रोला येताना थांब्यांचा क्रम सहसा बदलतो. पुष्कळ गाड्या आधी टर्मिनल ५ ला थांबतात आणि मग सेंट्रलला. टर्मिनल २ किंवा ३ चं विमान असेल तर पहिल्या थांब्यावर सगळे उठले म्हणून उतरू नका. टर्मिनल ४ चं विमान असेल तर त्या गाडीला तो थांबा आहे का हे तिकीट काढतानाच बघा. नसेल तर सेंट्रलला उतरून फुकटच्या रेल्वेनं जावं लागतं, त्यासाठी अर्धा तास वेगळा काढा.