कॅन्सरच्या गोळ्यांची रॅश घालवणारा लेप: आमच्या घरी झालेली फसवणूक, कृपया वाचा

ज्यांच्या घरात कोणाला कॅन्सरच्या टार्गेटेड गोळ्या चालू आहेत, गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब अशी नावं असतात बघा, त्यांनी हे पूर्ण वाचा आणि घरातल्या मोठ्या माणसांनाही वाचून दाखवा. आमच्याकडून जो माणूस पैसे घेऊन गेला तो कॅन्सर बरा करतो असं एकदाही म्हणाला नाही. चेहऱ्यावरची पुरळ घालवतो एवढंच म्हणाला आणि ती त्याने घालवून दाखवली पण, म्हणूनच तर सगळे त्याच्यावर विश्वास ठेवून बसले.

माझ्या आईला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. तिने उभ्या आयुष्यात साधी मिश्री लावली नाही तरी झाला, आणि तंबाखूला हात न लावलेल्या बायकांना हा प्रकार होतो हे आम्हाला तेव्हाच कळलं. टेस्टमध्ये ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं, म्हणजे गाठीच्या ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये या गोळ्या लागू पडतील असा बदल सापडला, म्हणून सलाईनची कीमो न देता रोज एक गेफिटिनिब २५० ची गोळी सुरू झाली. सगळ्यांना हायसं वाटलं, केस जाणार नाहीत, अॅडमिट व्हायला नको, घरात राहून गोळी घ्यायची. पहिल्या स्कॅनला गाठ कमी झालेली दिसली पण.

पण तोवर चेहरा पार बिघडला होता. नाकाच्या बाजूला, गालांवर, कपाळावर, डोक्यात, छातीवर लाल पुरळ आणि त्यात पिवळा पू. सकाळी उशीचा अभ्रा गालाला चिकटलेला असायचा, कंगवा फिरवला की आई कळवळायची. शेजारच्या काकू दारातूनच विचारून गेल्या, कांजिण्या आहेत का हो, आमच्याकडे लहान बाळ आहे. त्या दिवसापासून आईने भजनी मंडळात जायचं बंद केलं. गाठ आत असते, ती कोणाला दिसत नाही, चेहरा मात्र सगळ्यांना दिसतो, आणि आजारापेक्षा त्या चेहऱ्याचंच तिला जास्त झालं होतं. ही गोष्ट हे लोक बरोब्बर ओळखून असतात.

बाबा एसटीत कंडक्टर होते, सुटे पैसे दोनदा मोजून घेणारा माणूस, असातसा कोणाच्या बोलण्यात येणारा नाही. पेशंटच्या नातेवाईकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता त्यात त्यांनी आईचा फोटो टाकून विचारलं की यावर काय करायचं. ग्रुपवर दोघातिघांनी डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं. पण एकाने वेगळा पर्सनल मेसेज केला, काका माझ्या आईला पण सेम असंच झालं होतं, आता बघा. सोबत दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. ते फोटो मी नंतर मोठे करून बघितले तर एका फोटोतल्या बाईच्या कानाला दोन भोकं आणि दुसऱ्यातलीच्या एकच. म्हणजे बाईच वेगळी. पण बाबांना त्या वेळी दिसला तो एका मुलाने आपल्या आईसाठी केलेला खटाटोप, आणि तसंच दिसावं म्हणून तो मेसेज लिहिलेला होता.

त्या मुलाने नंबर दिला "वैद्यराजांचा". त्यांचं बोलणं एवढं गोड की काय सांगू, काका काळजी करू नका, माऊलीला आता त्रास होऊ देणार नाही, माझी पण आई याच आजारात गेली. मग समजावणं चालू. ही गोळी फार उष्ण आहे, ती अंगाला लागत नाही म्हणून शरीर ती कातडीतून बाहेर फेकतंय, आपण आतली उष्णता चूर्णाने ओढून काढू आणि वरून लेप लावू. आणि मग मुख्य वाक्य, दोन्ही औषधं एकत्र चालत नाहीत, कोर्स होईपर्यंत ती गोळी थांबवा, डॉक्टरांना सांगायची गरज नाही, ते उगाच चिडतात.

पहिलं किट ६,५०० रुपये. बिल मागितलं तर म्हणे आम्ही औषध विकत नाही, ही सेवा आहे, तुम्ही देणगी देताय. पैसे यूपीआयने, आणि दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावावर. गोळी थांबवायचं वगैरे सगळं बोलणं फोनवर नाहीतर एकदाच ऐकता येतात त्या व्हॉइस नोटमध्ये, लेखी काही म्हणून नाही. डबीवर फक्त एका पानाचं चित्र आणि "सौंदर्य लेप". लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, आत काय आहे ते नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. आयुर्वेदिक औषध असलं तरी हे सगळं लेबलवर छापावंच लागतं, कायदाच आहे, त्यामुळे खऱ्या वैद्यांना कृपया यात ओढू नका, हा माणूस वैद्य नव्हताच.

आणि लेप लावल्यावर दोनतीन दिवसात आईचा चेहरा साफ व्हायला लागला. लाली गेली, पू सुकला, खाज थांबली. चूर्णाने भूक लागायला लागली, दोन चपात्या जास्त जायला लागल्या, गाल भरले, येणारी माणसं म्हणायला लागली तोंडावर तेज आलंय. कोण शंका घेईल मला सांगा? बाबांनी आनंदाने दुसरं किट मागवलं, १४,००० चं. मी पुण्यात, आठवड्याला व्हिडिओ कॉल, त्यात आईचा चेहरा छान दिसतोय, मला वाटलं डॉक्टरांच्या औषधाने फरक पडला.

उघडकीला आलं ते गोळ्यांवरून. महिन्याच्या गोळ्या घ्यायला मी निघाले होते, बाबांना विचारलं किती आणू, तर म्हणाले, अगं आहेत अजून, नको आणूस. रोज एक गोळी असताना उरतील कशा? मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी त्यांच्यावर एक शब्द चढून बोलले नाही, आणि तुमच्या घरात असं झालं तर तुम्ही पण बोलू नका, कारण माणूस ओरडा खाईल म्हणून पुढचं लपवतो आणि डॉक्टरला नेमकं तेच माहीत असावं लागतं.

आम्ही डबी, चूर्णाची पुडी, सगळं घेऊन हॉस्पिटलला गेलो. तिथल्या स्किनच्या मॅडमनी लेप थोडा बोटावर घेतला, खिडकीपाशी उजेडात धरला, दोन बोटांत चोळला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, गुलाबाचा वास. म्हणाल्या, वीस वनस्पती आहेत म्हणता ना यात, मग एक कण, एक हिरवी नाहीतर तपकिरी झाक तरी कुठे दिसतेय का. मग त्यांनी आईच्या गालाकडे बघितलं. कातडी पातळ, चकचकीत, बारीक लाल शिरा वर दिसायला लागलेल्या. मॅडमचं म्हणणं की यात स्ट्राँग स्टिरॉइड असणार, क्लोबेटासॉलसारखं. ते चेहऱ्यावर लावलं की काहीही असो, पटकन दबतं, आणि लावायचं थांबवलं की दुप्पट उसळतं. अशा बऱ्याच स्टिरॉइड क्रीम २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. चूर्णातही स्टिरॉइड असावं असा संशय, कारण आईला कधी शुगर नव्हती आणि त्या दिवशी २८० निघाली. ती भूक, ते भरलेले गाल, ते तेज, सगळं त्याचंच.

इथे एक फार महत्त्वाचं सांगते. असलं चूर्ण कोणी बरेच दिवस घेत असेल तर हे वाचून घाबरून एकदम बंद करू नका, आधी लगेच डॉक्टरांना दाखवा. पोटात बरेच दिवस स्टिरॉइड जात राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, आणि ते अचानक तोडलं तर बीपी पडणं, उलट्या, चक्कर असं होऊन जिवावर बेतू शकतं. आईचं डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केलं. ते दिवस फार वाईट गेले, चेहऱ्यावरची पुरळ पहिल्यापेक्षा जास्त उसळली, तिने आरसा झाकून ठेवायला लावला.

आता ही रॅश का येते ते डॉक्टरांनी जे समजावलं ते सांगते, कारण हे आधी माहीत असतं तर त्या माणसाची डाळ शिजली नसती. या गोळ्या कॅन्सरच्या पेशीवरचं ईजीएफआर नावाचं एक बटण बंद करतात. तेच बटण आपल्या कातडीच्या, केसांच्या मुळाशी असलेल्या, नखांच्या पेशींवर पण असतं, तिथेही ते बंद होतं म्हणून पुरळ, कोरडेपणा, नखांच्या कडा सुजणं, कोणाला जुलाब. सहसा पहिल्या दोनेक आठवड्यात सुरू होतं. उष्णता नाही, विष नाही, आणि औषध अंगाला लागत नाही हे तर पूर्ण उलटं आहे, एर्लोटिनिब आणि ईजीएफआरच बंद करणारं सेटुक्सिमॅब नावाचं सलाईनमधलं औषध यांच्यावरच्या अभ्यासांत रॅश आलेल्यांमध्ये औषधाचा उपयोग जास्त दिसलाय. रॅश नाही आली म्हणजे गोळी काम करत नाही असंही नाही, ती पण काळजी नको.

आणि उपाय आहेत हो, साधे आहेत. आईला डॉक्सिसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक दिलं, भरपूर पाण्यासोबत घ्यायचं आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. पुरळ असेल तिथे क्लिंडामायसिन जेल, थोडे दिवस १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, हो, हे पण स्टिरॉइडच आहे, पण सौम्य, आणि किती, कुठे, कधीपर्यंत ते डॉक्टर ठरवतात, बघतात. बिनवासाचं जाड मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा, कोमट पाणी, बाहेर जाताना सनस्क्रीन. पिंपल्सची क्रीम अजिबात नाही, दिसायला पिंपल असले तरी ते पिंपल नसतात आणि त्या क्रीमने कातडी अजून सुकते, आग होते. लिंबू, चंदन, मुलतानी मातीही नको. आणि फारच वाढलं तर गोळी काही दिवस थांबवायची किंवा बदलायची का ते डॉक्टर ठरवतात, कधी कधी खरंच थांबवतात, पण ते त्यांनी मोजून थांबवणं वेगळं आणि फोनवरच्या माणसाने बंद करायला लावणं वेगळं. साधी पित्ताची गोळी सुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नका, पोटातलं आम्ल कमी झालं की गेफिटिनिब, एर्लोटिनिब नीट शोषलं जात नाही.

ओपीडीत आमच्या शेजारी बसलेल्या एक मावशी होत्या, त्यांना कॅपेसिटाबिन नावाच्या कीमोच्या गोळ्यांनी तळहात तळपाय सोलून निघालेले, चप्पल घालवत नव्हती. त्यांनाही असंच चूर्ण कोणीतरी फोनवरून विकलं होतं, "हातापायाची आग ओढून घेणारं". आणि या त्रासावर दिल्लीच्या एम्सने केलेला अभ्यास २०२४ साली छापून आलाय, २६४ पेशंट, आपलं कंबरदुखीला लावतात ते १ टक्का डायक्लोफिनॅक जेल हाताला लावायला दिलं तर हा त्रास जास्त प्रमाणात होणारे १५ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आले. औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळणारी ट्यूब. तुमच्या पेशंटला चालेल का ते डॉक्टरांना विचारूनच लावा, पण विचारा तरी. मला संताप याचाच येतो, खरा उपाय एवढा स्वस्त असताना माणसं कर्ज काढून पुड्या घेतायत, कारण डॉक्टरांसमोर दोन मिनिटं मिळतात त्यात स्कॅनचं बोलणं होतं आणि चेहऱ्याचं राहून जातं. विचारायला लाजू नका. रॅशचे फोटो काढून न्या, तारीख टाकून.

पुढचं थोडक्यात. बाबांनी त्या माणसाला फोन केला तर म्हणाला विष बाहेर पडतंय, आता मोठा कोर्स लागेल, ३२,०००. नाही म्हटल्यावर नंबर बंद. मी त्याच ग्रुपवर सगळं लिहिलं तर मला कोणीतरी लगेच काढून टाकलं, आणि दोन दिवसांनी बाबांना "ग्राहक मंचातून" फोन, तुमचे पैसे परत मिळवून देतो, २,१०० फाईल चार्ज भरा. तीच टोळी असणार, नाहीतर त्यांना आमचं नाव आणि रक्कम कशी माहीत? परतावा मिळवून द्यायला आधी पैसे मागणारा प्रत्येक फोन खोटा समजा.

गोळी परत सुरू झाली. डॉक्टरांनी स्कॅन लवकर करायला लावला, गाठ वाढलेली नाही पण कमीही झालेली नाही, आधी ती कमी होत होती. मधल्या काळात गोळी पोटात गेली असती तर काय झालं असतं हे आता कोणीच सांगू शकत नाही आणि बाबा तेच घेऊन बसलेत.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढे सरकतात. औषधाबद्दलची तक्रार महाराष्ट्राच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, टोल फ्री १८०० २२२ ३६५. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात कोणी केली तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली तो गुन्हाच आहे, म्हणून तर हे लोक "रॅश", "उष्णता", "सौंदर्य" असे शब्द वापरतात. आमची तक्रार दिलीय, नमुना दिलाय, रिपोर्ट यायचाय. आणि रागाच्या भरात डबी फेकून देऊ नका. उरलेला लेप, पुडी, पार्सलचं वरचं कव्हर, यूपीआयचे स्क्रीनशॉट सगळं ठेवा. आमच्या कव्हरवर कुरिअरचा नंबर होता, पार्सल कुठल्या गावातून बुक झालं ते त्यावरूनच कळलं आणि तक्रारीत लिहिता आलं.