न बघता घेतलेली गाडी, सहा महिन्यांनंतर

गेल्या सहा महिन्यांत ओळखीतल्या कितीतरी जणांनी मला विचारलंय, "अगं, गाडी न बघताच घेतलीस?" म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही, ऑनलाइन जुन्या गाड्या विकणाऱ्या बऱ्याच ठिकाणी पद्धत साधारण हीच असते. वेबसाइटवर गाडी निवडायची, थोडे पैसे भरून ती अडवून ठेवायची, कागदपत्रं करायची, गाडी ट्रकवरून दारात येते आणि मग काही दिवस परत द्यायची मुभा. माझ्या करारात सात दिवस होते आणि किलोमीटरची मर्यादा वेगळी.

मला असं करावं लागलं कारण आईचे गुडघे. खालची गाडी असली की तिला आत बसता येतं पण उतरताना हात धरून ओढावं लागतं, आणि ते तिला अजिबात आवडत नाही. मला उंच सीटची, ऑटोमॅटिक, फार मोठी नसलेली गाडी हवी होती, दोनेक महिने शोधूनही आसपास मिळाली नाही आणि जी मिळाली ती सहाशे किलोमीटर लांब. जाऊन बघायचं तर दोन दिवस सुट्टी, आणि तोवर गाडी राहील याची खात्री नाही.

आता फोटोंबद्दल. चाळीसेक फोटो होते, शिवाय स्क्रीनवर गाडी फिरवून सगळीकडून बघायची सोय. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते इथे शब्दशः खरं आहे. नुकती धुतलेली गाडी, वरून सगळीकडून सारखा पांढरा उजेड, अशा फोटोत चरे आणि बारीक पोचे दिसतच नाहीत. ओल्या पत्र्यावर तर चरा जवळजवळ गायब होतो. पोचा बघायचा तर टॉर्च पत्र्याला समांतर, अगदी कडेनं धरून मारायला लागतो, मग लाट उठल्यासारखी सावली पडते. मी त्यांच्या माणसाला व्हिडिओ कॉलवर हेच करायला लावलं, आणि त्यानं केलं, त्याचं मला कौतुक आहे, कंटाळला असेल तरी बोलून दाखवलं नाही. त्याच कॉलवर त्याला टेप घेऊन जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंतची उंची मोजायला सांगितली. एकसष्ट सेंटिमीटर भरली. घरात आई ज्या खुर्चीवरून आधार न घेता उठते ती पन्नासची, पण गाडीत नुसतं उठायचं नसतं, बाहेर वळायचं असतं आणि दाराखालच्या उंबऱ्यावरून पाय काढायचा असतो, म्हणून उंबऱ्याची उंचीही मोजून घेतली. असं मोजमाप कुठल्याही वेबसाइटवर लिहिलेलं नसतं, मागून घ्यायचं.

मी जादा फोटोंची यादीच पाठवली होती. ब्रेकच्या पेडलचं रबर (मीटरवर किलोमीटर कमी आणि रबर गुळगुळीत झिजलेलं असेल तर काहीतरी गडबड आहे), सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याचं टोक, कारण गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर वरचा पट्टा धुतात पण आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहते, इंजिन ऑइलचं झाकण आतून, चारही टायरवरचे नंबर, आणि डिकीची चटई उचलून खालची स्टेपनीची जागा. सगळे आले, शेवटचा सोडून. "डिकीत सामान आहे, नंतर पाठवतो" म्हणाले, मी दोनदा आठवण केली आणि मग सोडून दिलं. हे लक्षात ठेवा, पुढे येतंच.

या सगळ्या व्यवहारात माझ्या मते सगळ्यात चांगले गेलेले पैसे म्हणजे त्या शहरातल्या एका स्वतंत्र तपासणाऱ्या मेकॅनिकला दिलेले. कंपनीचा स्वतःचा दोनशे मुद्द्यांचा रिपोर्ट होता, सगळीकडे हिरव्या टिका. पण तो रिपोर्ट विकणाऱ्याचा आहे. माझा माणूस गेला आणि दहा मिनिटांत त्याचा फोन, "मॅडम, बॉनेटला हात लावला, इंजिन गरम आहे. म्हणजे मी यायच्या आधी गाडी चालवून ठेवलीय. मी उद्या सकाळी परत येतो, तुम्ही त्यांना सांगा रात्रभर किल्ली लावायची नाही." मला हे सुचलंच नसतं. गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं, थंड इंजिन सुरू करतानाच टायमिंग चेनचा खडखडाट ऐकू येतो, व्हॉल्व्ह सील गेले असतील तर पहिल्या मिनिटभरात निळसर धूर दिसतो, आणि बॅटरी कमजोर असेल तर स्टार्टर रेंगाळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हिडिओवर होते. त्यानं आधी बॅटरी मोजली, १२.५ व्होल्ट, मग फोन बॉनेटजवळ धरून गाडी सुरू केली, तीनेक सेकंद मी श्वास रोखून ऐकत होते, स्वच्छ आवाज आला.

मग त्यानं रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं. कारखान्यातून आलेला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, या गाडीवर बहुतेक ठिकाणी ११० ते १२५ आलं आणि पुढच्या उजव्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, २८०. म्हणजे तो पत्रा परत रंगवलेला. फेंडरच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग पाना लागून उडालेला होता, तो फोटोही पाठवला. रिपोर्टमध्ये मात्र "विनाअपघात" असं लिहिलं होतं. विचारल्यावर कंपनीचं उत्तर आलं की त्यांच्या व्याख्येत अपघात म्हणजे चेसिसला किंवा छत पेलणाऱ्या खांबांना इजा, नुसता फेंडर बदलला किंवा रंगवला तर तो धरत नाहीत. ती व्याख्या अटींमध्ये खरंच लिहिलेली होती, मी वाचली नव्हती. पण ठळक अक्षरात "विनाअपघात" आणि त्याचा अर्थ कुठेतरी तळाशी, हे मला अजूनही पटलेलं नाही. आत वेल्डिंग, सस्पेन्शनचे माउंट, पुढची दांडी सगळं मूळचं आहे असं माझ्या माणसानं बघून सांगितलं म्हणून मी पुढे गेले, रिपोर्टच्या भरवशावर गेले नाही.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र, त्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. "एकही एरर कोड नाही" एवढं पुरेसं नाही, कारण कोड स्कॅनरनं दोन मिनिटांत पुसता येतात. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की गाडीच्या कॉम्प्युटरच्या ज्या स्वतःच्या तपासण्या असतात, ज्यांना रेडीनेस मॉनिटर म्हणतात, त्या "अपूर्ण" दाखवतात आणि परत पूर्ण व्हायला काही दिवस नीट गाडी चालवावी लागते. शिवाय बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हाही आकडा निघतो. माझ्या गाडीत सगळे मॉनिटर पूर्ण आणि किलोमीटर चार हजारांच्या वर. हे बघूनच मी पैसे भरले.

गाडी आली तेव्हा अंधार पडत होता आणि ट्रकवाले दादा घाईत. त्यांची चूक नाही, त्यांना पुढे अजून दोन गाड्या पोचवायच्या होत्या. तरीही मी टॉर्च घेऊन पूर्ण फेरी मारली, ट्रकवर चढवतानाच्या फोटोतलं मीटर आणि आत्ताचं मीटर ताडून बघितलं, मागच्या बंपरवर एक ताजा ओरखडा होता तो पावतीवर लिहून घेतला आणि मगच सही केली. नुसती सही करून दिली असती तर तो ओरखडा माझा झाला असता. इन्शुरन्स मात्र गाडी निघायच्या आधीच माझ्या नावानं सुरू करून घ्या, हे तारखेचं गणित मला कुणी सांगितलं नव्हतं, मी स्वतः विचारलं म्हणून कळलं.

आणि आता ते सात दिवस. माझं स्पष्ट मत आहे की न बघता घेतलेली गाडी तुम्ही खरी बघता ती या सात दिवसांत, आणि लोक हे दिवस फिरायला आणि फोटो टाकायला घालवतात. टेस्लानं २०१९ मध्ये विक्री ऑनलाइनवर न्यायचं ठरवलं तेव्हा सात दिवस किंवा १००० मैल, यात गाडी परत द्यायची सोय जाहीर केली होती आणि २०२० मध्ये ती बंदही केली. म्हणजे ही सोय कायमची धरून चालू नका, तुमच्या करारात सही करायच्या दिवशी काय लिहिलंय तेच खरं.

मी दुसऱ्याच दिवशी गाडी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी लिफ्टवर घेतली आणि मागच्या टायरच्या आतल्या बाजूला बोट ठेवून म्हणाले, "हे वाच." टायरवरच्या लांब नंबराचे शेवटचे चार आकडे तो कधी बनला ते सांगतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. मागचे दोन्ही टायर सात वर्षांपूर्वीचे निघाले. मला आलेल्या फोटोत नंबर होते की, पण तारखेसकट पूर्ण नंबर बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि या दोघांची ती बाजू आत होती, बाहेरच्या बाजूला अर्धाच नंबर, आणि मी तो बघून समाधान मानलं होतं. नक्षी भरपूर शिल्लक होती, पाच मिलिमीटर, त्यामुळे रिपोर्टमध्ये "टायर ७० टक्के" लिहिलेलं. पण खाचांच्या तळाशी बारीक तडे होते. नक्षी आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात आणि मोठ्या टायर कंपन्या दहा वर्षं ही शेवटची मर्यादा सांगतात.

तिसऱ्या दिवशी मी पाइप लावून गाडीवर वीस मिनिटं पाणी सोडलं. आदल्या दिवसापासून एसी बंद असताना आत एक कुबट वास येत होता, दमट गोणपाटासारखा, आणि मला चैन पडत नव्हतं. डिकी उघडली, चटई उचलली, खालचा पुठ्ठा उचलला. स्टेपनीच्या खड्ड्यात दोन बोटं पाणी. त्यात जॅक बुडालेला, त्याच्या स्क्रूवर गंज, म्हणजे हे पाणी आजचंच नव्हतं. हाच तो फोटो जो मला आला नाही. काकांनी डावा टेललॅम्प काढला तर मागचं गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, एका कोपऱ्यात दबून चपटं झालेलं, तिथून पाण्याची रेघ सरळ खाली खड्ड्यात.

मग सुरू झाला कस्टमर केअर. पहिल्या फोनवर "टायर वापरायोग्य आहेत". दुसऱ्या फोनवर नवीन माणूस, सगळं पहिल्यापासून सांगा. चॅटवर तर कुणी माणूसच नाही. पाचव्या दिवशी मी फोटो, काकांचं लेखी म्हणणं आणि "गाडी परत देण्याची प्रक्रिया सुरू करा" एवढं एक वाक्य असा ईमेल पाठवला आणि दोन तासांत एका मॅनेजर बाईंचा फोन आला, नीट बोलल्या, टायरचे नंबर समोर घेऊन बसल्या होत्या. दोन नवे टायर आणि टेललॅम्पचं गॅस्केट त्यांनी करून दिलं, बंपरचा ओरखडाही. आतलं सगळं काढून वाळवायचा खर्च माझा. सगळं लेखी घ्या, फोनवरचं आश्वासन पुढच्या फोनला कुणाला आठवत नाही.

माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. गाडी परत दिली असती तर वाहतुकीचे पैसे परत मिळणार नव्हते, दोष त्यांचा असला तरी. हे चूक आहे. डिकीचा फोटो मागूनही दिला नाही आणि तिथेच पाणी निघालं, तर ट्रकचं भाडं मी का सोसायचं? बऱ्याच जणांनी एवढ्यासाठीच सदोष गाडी ठेवून घेतली असेल असं मला वाटतं.

नवी कोरी गाडी न बघता घेणं यापेक्षा खूप सोपं आहे, तिथे दुसऱ्या कुठल्याही शोरूममधली तीच गाडी चालवून बघता येते. जुनी इलेक्ट्रिक असेल तर बॅटरीची क्षमता किती उरलीय याचा रिपोर्ट आल्याशिवाय पुढे जाऊच नका. आणि खूप जुनी, गंज लागू शकेल अशी गाडी असेल किंवा तपासायला आपला माणूस मिळत नसेल तर माझा सल्ला, नका घेऊ, दोन दिवस काढून जा.

गाडीला पाचपैकी साडेचार, विकणाऱ्यांना तीन, त्यातला एक पूर्ण त्या टॉर्च धरणाऱ्या मुलाचा. सहा महिन्यांत ऑइल बदललं आणि वायपर, बाकी काही नाही, खड्डा कोरडा आहे, प्रत्येक मोठ्या पावसानंतर मी चटई उचलून बघते.

आईचं सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी ती पुढच्या सीटवर सहज बसली, उतरताना मात्र अडखळली, कारण मी सीट आणि उंबरा मोजला होता पण दार किती उघडतं हे नाही, आणि आमच्या पार्किंगमध्ये भिंत जवळ आहे. आता मी आधी गाडी बाहेर काढते, मग ती दार पूर्ण उघडते, वरचा दांडा धरते, दोन्ही पाय बाहेर टेकवते आणि एकटी उठते.