मॅचसाठी केबल ठेवायची, फ्री डिश लावायची की ॲप घ्यायचं?

तासगावहून मामांचा फोन आला. "केबल तोडून टाकतोय बघ. महिन्याला पैसे भरायचे आणि बघायच्या चार मॅच. दुसरं काय घेऊ सांग." मामा द्राक्षबागायतदार, बागेच्या हिशेबात पक्के. सांगलीत माझ्या आजूबाजूलाही हाच प्रश्न चालू आहे, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

मी त्यांना उलट विचारलं, "मामा, मॅच कुठल्या बघता?" कारण केबल, डिश, ॲप यातलं चांगलं कोणतं, हे त्यावरच ठरतं. मॅच दाखवायचे हक्क कुणी घेतलेत त्यावर आपलं बिल ठरतं.

आयपीएलचंच घ्या. जून २०२२ मध्ये बीसीसीआयने २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटींना विकले. त्यात टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले आणि मोबाइलचे वायकॉम१८ कडे गेले. मॅच एक, मालक दोन. दोघांनाही जाहिरातदार हवेत, म्हणजे दोघांनाही आपण हवेत. मग वायकॉमने २०२३ ची आयपीएल आपल्या जिओसिनेमा ॲपवर फुकट दाखवली, तीही मराठी समालोचनासकट. स्टारने त्याच वर्षीचा आशिया कप आणि वर्ल्ड कप आपल्या हॉटस्टार ॲपवर मोबाइलपुरता फुकट सोडून उत्तर दिलं. त्यांच्या भांडणात आपली चैन झाली. पण १४ नोव्हेंबर २०२४ ला दोन्ही घरं एक झाली, तीन महिन्यांनी जिओहॉटस्टार हे एकच ॲप आलं आणि मोबाइलच्या प्लॅनवर तीन महिन्यांचे १४९ रुपये लागले. रक्कम मोठी नाही, पण 'फुकट' हा शब्द पुसला गेला. पुढे दर ठरवताना शेजारच्या दुकानाचा धाक नसेल, हेही ध्यानात ठेवा.

पुरता मोकळा रस्ता जिओहॉटस्टारलाही नाही. आशिया कपचे हक्क २०३१ पर्यंत सोनीकडे आहेत. २०२५ चा इंग्लंड दौरा तर गमतीचाच होता: टीव्हीवर सोनी, मोबाइलवर जिओहॉटस्टार. एकच कसोटी, पण दिवाणखान्यात एका कंपनीची आणि शेतात दुसऱ्या कंपनीची.

अशा वेळी केबलचा फायदा कळतो. स्टार आणि सोनी दोन्ही एकाच रिमोटवर, इंटरनेट नको, आणि चित्र ॲपच्या पुढे. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर केबल आहे. तिथून "गेला!" असा ओरडा येतो तेव्हा माझ्या मोबाइलवर बोलर अजून रनअपला वळलेला असतो. तोटा पॅकचा. ऑपरेटर एक पॅक माथी मारतो आणि त्यातली निम्मी चॅनेलं तुम्ही उघडतही नाही. पण ट्राय या सरकारी नियामकाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पे चॅनेल, म्हणजे पैसे भरून बघायचं चॅनेल, सुटं घेता येतं. खेळाची हवी तेवढी चॅनेलं सुटी मागा, हंगाम संपला की बंद करा. ऑपरेटर कुरकुर करेल, करू द्या. मात्र त्याच्याकडची लाइट गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असून उपयोग नाही.

दूरदर्शनच्या फ्री डिशबद्दल गैरसमज फार. डबा आणि छत्री एकदा घेतली की महिन्याचं बिल नाही, हे खरं. "डीडी तर केबलवरही दिसतं, मग डिश कशाला?" असं मामांनी विचारलं. इथेच गोम आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्रण हक्क असलेल्या कंपनीला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं, तेही स्वतःच्या जाहिराती काढून. दूरदर्शन त्यात आपल्या जाहिराती घालतं आणि टीव्हीवरच्या त्या उत्पन्नातले किमान ७५ टक्के त्या कंपनीला जातात. पण तेच चित्रण डीडीवरून केबलवर गेलं तर पैसे भरून स्टार कोण घेईल? हा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये कोर्टाने सांगितलं की, हे चित्रण दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच चालेल. म्हणून भारताची वनडे फ्री डिशवर लागते तेव्हा केबलवरच्या डीडीवर ती शोधू नका.

ही सक्ती भारताच्या वनडे, टी-२० आणि वर्ल्ड कपच्या मोठ्या लढतींसाठी. आयपीएल त्यात नाही. शिवाय जोराच्या पावसात सिग्नल जातो. श्रावणात सांगलीत हे सांगायला नको.

ॲपचं मुख्य सुख घरातली शांतता. साडेसातला मॅच, आठला मालिका, रिमोट एक. आणि आपल्या स्मृती मानधनाची डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची आयपीएल, बघायची तर त्या स्पर्धेचे २०२३ ते २०२७ चे हक्क जिओहॉटस्टारच्याच घराकडे आहेत, ९५१ कोटींना घेतलेले. आयपीएलचं मराठी समालोचनही इथे ऐका. जाहिरातींचं मात्र विचारू नका. महागडा, 'जाहिरातमुक्त' प्लॅन घेतला तरी थेट सामन्यात जाहिराती येतातच. आणि मळ्यात रेंज नसेल तर सगळंच खुंटलं.

तर माझं मत असं. फक्त भारताच्या वनडे-टी-२० बघणाऱ्याने फ्री डिश लावावी, दुसरा विचार नको. आयपीएलवेड्याने ॲप घ्यावं, तेही त्या तीन महिन्यांपुरतं. वर्षाचं एकदम भरू नये, हक्क इकडून तिकडे जायला वेळ लागत नाही. घरात म्हातारी माणसं असतील, कसोटीही बघायची असेल आणि इंटरनेट बेभरवशाचं असेल, तर केबलच ठेवा, पण चॅनेलं सुटी घेऊन.

मामांना मी फ्री डिश आणि आयपीएलपुरतं ॲप असं सांगितलं. गेल्या आठवड्यात छपरावर छत्री बसली. केबल अजून तोडलेली नाही. मामींची मालिका फ्री डिशवर लागत नाही.