बिल नंबर 1188: कूलरच्या दुकानात नऊ महिने वापरलेलं अकाउंटिंग सॉफ्टवेअर

आमचं इतवारीत कूलरचं दुकान आणि लकडगंजला गोडाउन. फेब्रुवारी 2025 मध्ये मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हींवर चालणारं सॉफ्टवेअर घेतलं. टॅली हे नेहमीचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर येणारा माणूस नागपुरात कुठेही मिळतो, पण आम्हाला गोडाउनमधून मोबाइलवर बिल फाडायचं होतं आणि खर्चही बेताचा हवा होता. स्टॉक, लेजर, जीएसटी रिपोर्ट सगळ्यांतच असतात, त्यात जात नाही. मला बोलायचंय ते बिल नंबरवर.

मे महिना म्हणजे आमचा पूर्ण सीझन. एका दुपारी वादळ आलं आणि लकडगंजला मोबाइलचं नेटवर्क गेलं. धाकट्या भावाने ऑफलाइनच काटोलच्या दुकानदाराचं बिल बनवलं: सहा कूलर, 33,000 अधिक 18 टक्के जीएसटी, एकूण 38,940. नंबर पडला 1188. त्याच वेळी इकडे काउंटरवर मीही एका रोखीच्या गिऱ्हाइकाला 1188 नंबरचंच बिल दिलं. नेटवर्क आलं तेव्हा सॉफ्टवेअरने भावाच्या बिलाचा नंबर बदलून 1203 केला. ना मेसेज, ना खूण. काटोलवाल्याच्या हातात मात्र 1188 चा छापील कागद.

10 जूनला जीएसटीआर-1, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं रिटर्न, भरला. 14 तारखेला काटोलवाल्यांचा टू-बी, म्हणजे त्यांच्या खरेदीची जीएसटी पोर्टलवरची यादी, आला आणि लगेच त्यांचा फोन, “भाऊ, तुमचं 1188 नंबरचं बिल टू-बीमध्ये दिसूनच नाही राहिलं. 1203 दिसून राहिलं, ते कोणतं?” रक्कम तीच, टॅक्स तोच, नंबर जुळेना. 5,940 रुपयांच्या क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी वळता करून घेण्याचा प्रश्न, म्हणून त्यांच्या अकाउंटंटने आमचं अख्खं पेमेंट अडवलं. त्यांचं काय चुकलं? टू-बीत बिल दिसल्याशिवाय क्रेडिट मिळतच नाही.

कस्टमर केअरला तीनदा फोन केला. पहिल्यांदा सांगितलं, कॅशे (अ‍ॅपमध्ये साठलेला तात्पुरता डेटा) क्लिअर करा. दुसऱ्यांदा, सिस्टिममध्ये नंबर बरोबर आहे. तिसऱ्यांदा माझी तक्रार न विचारता बंद केली. अहो, जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे बिलाचा नंबर ओळीने हवा, त्या आर्थिक वर्षात दुसऱ्या बिलाला तो नको, 16 अक्षरांच्या आत हवा. शिवाय मे 2025 च्या रिटर्नपासून जीएसटीआर-1 मधला तक्ता 13 सक्तीचा झाला. कोणत्या नंबरापासून कोणत्या नंबरापर्यंत बिलं फाडली, त्यातली रद्द किती, हे त्यात लिहून द्यावं लागतं. दिलेल्या बिलाचा नंबर मागाहून बदलायचा नसतो, हे माझ्या बाबांच्या खतावणीला कळत होतं. शेवटी 1203 ची प्रत सही-शिक्का मारून काटोलला पाठवली. पैसे जुलैत आले.

त्याच रागात जूनमध्ये मी हा अनुभव लिहायला बसलो होतो. तेव्हा एक तारा देणार होतो. आज तीन देतोय, त्याला दोन कारणं आहेत.

एक, तोडगा निघाला. आमच्या सीएंकडच्या शिकाऊ मुलीने सेटिंगमध्ये प्रत्येक मशीनला वेगळी सिरीज देण्याची सोय शोधून काढली. आता दुकानाची ‘डी’, गोडाउनची ‘जी’. एकापेक्षा जास्त सिरीज नियमात बसतात. मी स्वतः मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून चार बिलं बनवली, लॅपटॉपवरही चार बनवली, मग नेट चालू केलं. आठही नंबर जागच्या जागी. ही सोय आमच्याच प्लॅनमध्ये होती, वेगळे पैसे नाहीत, आणि तीन फोनमध्ये एकानेही ती सांगितली नाही! तुम्ही कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, ट्रायलमध्येच ही फ्लाइट मोडची परीक्षा करून बघा.

दुसरं कारण उधारीचं. सावनेर, उमरेड, रामटेकचे मेकॅनिक सीझनमध्ये पंप-मोटर उधार नेतात. आधी वसुलीला बाबा स्वतः फिरायचे. आता व्हॉट्सअ‍ॅपवर बिलवार थकबाकी आणि खाली यूपीआयचा क्यूआर जातो. गेल्या वर्षी पोळ्याला निम्मी उधारी बाहेर होती, यंदा पोळ्याआधी पाच-सहा जण सोडून सगळ्यांनी चुकती केली. बाबांना उन्हात बसने फिरावं लागलं नाही, याची किंमत मी पैशांत करत नाही.

जीएसटीचा दर बदलला की सॉफ्टवेअर तो नीट घेतं का, याची परीक्षा आमच्याकडे झाली नाही. 22 सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले, पण कूलर 18 टक्क्यांतच राहिला. त्याबद्दल दुसऱ्यांना विचारा.

तीन वर्षांचं एकदम घेतलं तर स्वस्त पडेल, असे फोन आता रोज येतात. मी एकाच वर्षाचे पैसे भरणार. 1 एप्रिलला नंबर पुन्हा एकपासून सुरू होतील. त्या दिवशी ‘डी’ आणि ‘जी’ दोन्ही नीट सुरू झाल्या, की पुढच्या वर्षांचं बोलू.