बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू 'वाचणाऱ्यां'पासून सावध राहा

ज्यांच्या घरात अभ्यासात मागे पडणारं मूल आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. 'ब्रेन मॅपिंग', 'डीएमआयटी' (बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगण्याचा दावा करणारी चाचणी), 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' ही नावं तुमच्याही कानावर आली असतील. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर येतं, मोफत सेमिनार असतो आणि मुलाची अडचण यंत्रात बोट ठेवून शोधून देतो, असं सांगितलं जातं. या नावाखाली आमच्याकडून 34,500 रुपये घेतले गेले. पैशाचं एक वेळ सोडून देता येईल, पण मुलाला खऱ्या मदतीची गरज होती तेव्हाच त्याचं जवळजवळ अख्खं शैक्षणिक वर्ष वाया गेलं.

आमचा मुलगा बोलण्यात चुणचुणीत. एकदा ऐकलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलासकट सांगेल, तोंडी गणिताचं उत्तर झटकन देईल. पण वही उघडली की सगळं अडायचं. सातवीतही 'सूर्य'चा 'सुय्र', 'प्रकाश'चा 'परकाश' होत होता. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल थांबत नव्हती. फळ्यावरचं उतरवून घेताना मधल्या ओळी गळायच्या. वहीत लाल शाईचे शेरे ठरलेले: 'लक्ष द्या', 'निष्काळजीपणा', 'सराव हवा'. सराव तर रोजच चालला होता, आणि रोज रडारडही.

अशा वेळी शाळेच्याच सभागृहात अशा एका 'ब्रेन मॅपिंग' केंद्राचा सेमिनार झाला. मुख्याध्यापक व्यासपीठावर बसलेले, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. बोलणारे गृहस्थ नावाआधी 'डॉ.' लावत होते. गर्भात बोटांवरच्या रेषा आणि मेंदू एकाच काळात तयार होतात, म्हणून रेषा वाचल्या की मेंदू कळतो, असा त्यांचा सिद्धांत.

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच तो पटतो. बोटांच्या रेषा गर्भात सुरुवातीच्या महिन्यांतच उमटतात. डाउन सिंड्रोमसारख्या काही गुणसूत्रीय दोषांमध्ये तळहाताच्या रेषा वेगळ्या दिसतात, हेही खरं. पण त्यावरून मूल कुठल्या पद्धतीनं शिकतं, त्याचा कल कशात आहे, त्याला वाचता का येत नाही, यातलं काहीही कळत नाही. रेषा जन्मभर त्याच राहतात. मेंदू मात्र विशी ओलांडेपर्यंत घडत असतो आणि शिकवण्यानं बदलतो. डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही, हे इंडियन सायकिॲट्रिक सोसायटी या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं जाहीरपणे सांगितलेलं आहे. ज्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या 'बहुविध बुद्धिमत्ता' सिद्धांताचं नाव ही मंडळी वापरतात, त्या गार्डनर यांनीही या चाचणीला आपला पाठिंबा नसल्याचं म्हटलं आहे. सेमिनारमध्ये गार्डनर यांचा फोटो मात्र पडदाभर झळकत होता.

दहाही बोटांचे ठसे घेतले आणि काही दिवसांनी चकचकीत, रंगीत रिपोर्ट हातात पडला. डावा मेंदू किती टक्के, उजवा किती, 'संगीत बुद्धिमत्ता' किती, सगळं दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत. वर्तुळाचे आलेख, करिअरची यादी. मुलाला लिहिता का येत नाही याबद्दल एक ओळ नाही. आणि शेवटाकडच्या एका पानावर आमच्या मुलाबद्दल लिहिलं होतं, 'ती नृत्यात विशेष प्रावीण्य मिळवू शकते.' दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीचा मजकूर तसाच राहिला होता. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, ते सॉफ्टवेअरचं आहे, स्कोअर बरोबरच आहेत."

मग 'थेरपी'चं पॅकेज. सवलत आजच्यापुरतीच, उद्यापासून दर वाढणार. थेरपी म्हणजे कानाला हेडफोन लावून कसलासा आवाज ऐकायचा, कॉम्प्युटरवर रंग ओळखायचे खेळ खेळायचे आणि पुढच्या टप्प्यात डोळ्यांवर पट्टी बांधून रंग 'जाणवून' घ्यायचे. हे पट्टीचं प्रकरण, म्हणजेच 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन', आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पट्टीखाली नाकाशेजारी फट राहते आणि मुलं तिथून बघतात. मंगळूरचे नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवादी कार्यकर्त्यांनी ते अनेकदा उघडं पाडलेलं आहे. मला त्यातलं सर्वांत वाईट हे वाटतं की तिथे मुलाला खोटं वागायला शिकवलं जातं. फटीतून दिसलं हे आमच्या मुलानं घरी सांगितलं, तेव्हा तो घाबरलेला होता. तिथल्या ताईंनी त्याला 'कुणाला सांगू नकोस' असं बजावलं होतं.

आठवीत नवीन वर्गशिक्षिका आल्या. त्यांनी वही पाहिली आणि अध्ययन अक्षमतेसाठी (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण) तपासणी करून घ्या, असं स्पष्ट सुचवलं. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर प्रमाणपत्र लागेल, हेही त्यांनीच सांगितलं. केंद्रानं लगेच सोनेरी कडेचं एक 'प्रमाणपत्र' छापून दिलं, त्याचे 3,000 रुपये वेगळे. शाळेच्या कार्यालयात ते दाखवलं तर क्लार्कनी परत केलं. बोर्डाच्या सवलतीसाठी शासनानं अधिकृत केलेल्या रुग्णालयाचंच प्रमाणपत्र चालतं.

मी केंद्रात जाऊन त्या गृहस्थांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा (आरसीआय) नोंदणी क्रमांक मागितला. उत्तर आलं, "आम्ही आयएसओ सर्टिफाइड आहोत." आयएसओचा शिक्का संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीला मिळतो. माणूस मानसशास्त्रज्ञ आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला याच आरसीआयकडे नोंदणी लागते. हा कायदा 1992 चा आहे. विशेष शिक्षकांनाही हीच नोंदणी लागते. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. आमच्या 'डॉक्टरां'चं नाव तिथे नव्हतं. एमए करून समुपदेशन करणारी अनेक चांगली माणसं आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती आपण काय करतो आणि काय करत नाही, हे स्वच्छ सांगतात.

खरी तपासणी कशी असते, ते आम्ही नंतर मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात पाहिलं. शीव आणि नायर रुग्णालयांत अशा मुलांसाठी एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) क्लिनिक आहेत. रांग मोठी असते, बाकड्यांवर तास जातात, पण तिथे मुलाकडे बघतात. सुरुवात डोळे आणि कान तपासण्यापासून झाली, कारण नीट दिसत किंवा ऐकू येत नसेल तर पुढच्या चाचण्यांना अर्थ उरत नाही. मग गरोदरपणापासूनची सगळी माहिती: जन्म वेळेवर झाला का, बोलायला कधी लागला, आकडी आली होती का, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. शाळेचं पत्र, जुनी प्रगतिपुस्तकं, वह्या सगळं मागितलं.

बुद्ध्यांकाची चाचणी वेगळी, लेखन-वाचनाची वेगळी, आणि वेगवेगळ्या दिवशी. बुद्ध्यांकासाठी आपल्याकडे बिने-कामत चाचणी अजून वापरात आहे. कामत यांनी धारवाड भागातल्या मराठी आणि कानडी मुलांसाठी ती तयार केली, त्यावरचं त्यांचं पुस्तक 1940 चं. बुद्ध्यांकाची दुसरी चाचणी मिसिक, ती नागपूरच्या डॉ. मालिन यांची. अध्ययन अक्षमतेसाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमालिका वापरतात. यांतल्या कुठल्याही चाचणीला यंत्रात बोट घालावं लागत नाही. समोर एक प्रशिक्षित माणूस बसतो आणि मूल काय करतं ते बारकाईनं टिपत राहतो. आमच्या मुलाला उतारा वाचायला दिला तेव्हा त्या मॅडम चुकांच्या संख्येवर थांबल्या नाहीत. तो कुठल्या अक्षराशी अडखळतो, पहिलं अक्षर पाहून उरलेला शब्द मनानं रचतो का, ओळ हरवू नये म्हणून बोट ठेवतो का, हे सगळं त्या लिहून घेत होत्या. मध्येच त्याला थकवा आला तर थांबल्या. शेवटी आम्हा दोघांना समोर बसवून मराठीत समजावलं: बुद्धी उत्तम आहे, वाचन आणि लेखन यांत अक्षमता आहे, हा आळस नाही. मुलगाही शेजारीच बसून ऐकत होता. 'हा आळस नाही' हे त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

आता तो आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिकेकडे जातो. अक्षर आणि उच्चार यांची जोडी, जोडाक्षरं फोडून लिहिणं, वाळूत बोटानं गिरवणं. प्रगती हळूहळूच होते आहे. त्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे पूर्ण 'बरं' होणार नाही, पण वाट सापडेल. कुणी तुम्हाला तीन महिन्यांत हमखास फरक पडेल असं लिहून देत असेल, तर तिथून उठा.

पैशाचं म्हणाल, तर पावतीवर 'शैक्षणिक मार्गदर्शन शुल्क, परत मिळणार नाही' असं छापलेलं आहे. मानसशास्त्र हा शब्द पावतीवर कुठेच नाही, तो फक्त सेमिनारमध्ये आणि पोस्टरवर होता. म्हणून पोस्टर, मेसेज, रिपोर्ट सगळं जपून ठेवा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला अर्जाचं शुल्क नाही, मात्र तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. आमची तक्रार दाखल झाली आहे. शाळेलाही लेखी कळवलं, त्यानंतर तिथे या केंद्राचा सेमिनार झालेला नाही.

मूल सहावी-सातवीत असेल आणि लिहिण्या-वाचण्याचा त्रास दिसत असेल, तर शाळेचं शिफारसपत्र याच वर्षी मागून घ्या. 2018 च्या केंद्रीय नियमावलीप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या 8 वर्षांनंतर मिळत होतं आणि 14 व्या व 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी होत होती; 2024 मध्ये ती नियमावली बदलली, म्हणून सध्याचा नियम रुग्णालयात विचारून घ्या. सरकारी रुग्णालयातली तारीख मिळायला वेळ लागतो, आणि बोर्डाच्या सवलतीचा अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. नववी संपायची वाट पाहू नका.