वरून क्रोम, आतून डायोड : ‘रिस्टोर केलेला’ व्हॅक्यूम क्लीनर घेताना

जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवणारे मराठवाड्यात हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. घेणाऱ्याला विचारायला जवळपास कुणी नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. लातूरच्या एका संग्राहकाच्या गळ्यात ‘रिस्टोर केलेला, चालू’ म्हणून मारलेला नग उघडल्यावर काय निघालं, ते वाचा.

नग इलेक्ट्रोलक्सचा, अमेरिकन मॉडेल थर्टी. ल्युरेल गिल्ड यांनी १९३७ साली आखलेलं हे लांबट, घसरपट्ट्यांवर सरकणारं यंत्र. अमेरिकेतला पुरवठा ११० ते १२० व्होल्टचा, मोटार त्याच हिशोबाची. विक्रेत्याचं म्हणणं, “दादा, मोटार २३० ची करून घेतलीय, डायरेक्ट लावा.”

खरोखर २३० ची करायची तर आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) आणि फिल्ड कॉइल (त्याभोवतीची स्थिर गुंडाळी) दोन्ही बारीक तारेने, जवळपास दुप्पट वेढ्यांनी भरावी लागतात. इथे स्विचमागे काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला, पाच-दहा रुपयांचा डायोड होता. डायोड विजेची अर्धी लाट अडवतो, पण तरी २३० चे १६३ व्होल्ट उरतातच. म्हणजे ११५ च्या मोटारीवर चाळीस टक्के जास्त. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत आवाज दणदणीत येतो. सलग चालवली की वार्निश जळाल्याचा वास सुटतो.

कार्बन (फिरत्या भागाला टेकून वीज देणारी कांडी) तर कहरच. टॉर्चच्या सेलमधली गोल कांडी कानशीने घासून चौकोनी केलेली. ती होल्डरमध्ये खुळखुळते, कॉम्युटेटरवर (आर्मेचरच्या टोकाचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) पूर्ण टेकत नाही, ठिणग्या उडतात. कॉम्युटेटर पॉलिश पेपरने चमकवलेला, पण पट्ट्यांमधला अभ्रक खाली घेतलेला नव्हता. तांबं झिजून अभ्रक वर राहिला की कार्बन त्यावरून उड्या मारतो. अभ्रक तांब्यापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर खाली हवा.

फिल्ड कॉइल मात्र नवीन भरलेली होती, तीही ॲल्युमिनियमच्या तारेने! वरचं इनॅमल तांबूस असल्याने ओळखू येत नाही. टोक ब्लेडने खरवडलं की आत पांढरं दिसतं, आणि साधं सोल्डर धरत नाही. शेतीपंपांमुळे आपल्याकडे गावोगावी मोटारी भरणारे वाइंडर आहेत, हात चांगलाच असतो त्यांचा. पण मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे मारणाऱ्या आर्मेचरचं काम वेगळं; बॅलन्सिंग चुकलं तर बेअरिंग जातं.

घ्यायच्या आधी मागचं झाकण उघडून फोटो मागवा. सलग दहा मिनिटांचा, न कापलेला व्हिडिओ मागा, आणि मधेच पाइपचं तोंड तळहाताने बंद करायला सांगा: हवा अडली की मोटारीवरचा भार कमी होतो आणि आवाज चढायलाच हवा. चढला नाही तर पंखा ढिला किंवा हवा कुठूनतरी गळतेय. प्रत्यक्ष बघायला गेलात तर पहिल्यांदा १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाकूनच लावा. बल्ब पूर्ण उजेडाने पेटून मोटार हलली नाही तर आत शॉर्ट असू शकतो. पत्र्याची बॉडी आणि दोन पिनची वायर असेल तर ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) पिन आणि बॉडीमध्ये दोन मेगओहमच्या खाली आकडा नको. जुन्या रबरी वायरी हात लावताच चुरा होतात, त्या सरसकट बदलायच्याच.

अमेरिकन नग मूळ मोटारीवरच ठेवायचा असेल तर ट्रान्सफॉर्मरचे पैसे किमतीत धरा: पाटीवर ५०० वॅट असेल तर किमान ७५० व्हीए क्षमतेचा. आणि ॲडव्हान्स पाठवल्यावर समोरच्याने फोन उचलणं बंद केलं, तर वाट बघत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.